कल्चरला दोन दिवस लागतात, पण वेळ जातो तो बाटली मशीनमध्ये जायच्या आधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाळ चार दिवसांचं, वजन १९०० ग्रॅम. दूध ओढेना म्हणून काल पहाटे दिंडोरीहून नाशकात आणलं, काचेत ठेवलंय. सीआरपी ही संसर्गाचा अंदाज देणारी रक्ततपासणी १.८ आली. कल्चरचा, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढतो का ते बघायच्या तपासणीचा, चोवीस तासांचा निरोप ‘नो ग्रोथ’ (काही वाढलं नाही), तरी इंजेक्शनं चालूच. आणि तुम्ही विचारताय की एवढ्या मोठ्या शहरात तासाभरात ‘रक्तात जंतू आहे की नाही’ सांगणारी तपासणी नाही का, की उगाच बिल वाढवतायत?

मी डॉक्टर नाही. नाशकात लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजीच्या टेबलावर एकवीस वर्षं काढली. बाळाचं काय करायचं ते तिथले डॉक्टरच सांगतील, मी बाटलीबद्दल सांगते.

आधी ते १.८, कारण घोळ तिथेच दिसतोय. तुम्ही लिहिलंय की मेव्हण्याच्या बाळाची सीआरपी १४ होती तरी तीन दिवसांत घरी सोडलं, आमची तर दोनच्या आत. भाऊ, काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम पर लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम पर डेसिलिटरमध्ये. दुसऱ्या मापातली १.८ म्हणजे पहिल्या मापातली १८. बहुतेक ठिकाणी पहिल्या मापात १० च्या वर गेली की वाढलेली धरतात. बरं, सीआरपीला जंतू दिसत नाही, शरीरात काहीतरी पेटलंय एवढंच ती सांगते. संसर्ग सुरू झाल्यावर चढायलाच तिला सहा ते बारा तास लागतात, आणि अवघड बाळंतपणानंही ती चढते. म्हणून पहिली नॉर्मल आली तरी कुणी निर्धास्त होत नाही, चोवीस तासांनी परत बघतात. ओळीने दोन नॉर्मल आल्या तर मात्र त्या रिपोर्टला वजन आहे. प्रोकॅल्सिटोनिन नावाची अशीच दुसरी रक्ततपासणी आहे, ते हिच्या आधी, दोन-चार तासांत चढतं. पण ठणठणीत बाळातही जन्मानंतरचे पहिले दोन दिवस ते आपोआपच वर असतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी फसवतं.

आता कल्चर. आजारी बाळाच्या एक मिलिलिटर रक्तात कधी कधी चारसुद्धा जंतू नसतात. ते काचपट्टीवर शोधून सापडणार कसे? म्हणून त्यांना खाऊ घालून, ऊब देऊन वाढवावं लागतं. बाटलीत त्यांच्या खाण्याचं पाणी असतं. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यानं बाटलीच्या बुडाचा सेन्सर बदलतो आणि मशीन दर दहा मिनिटांनी तो बघत बसलेलं असतं. क्लेब्सिएलासारखा दांडगा जंतू रात्री घातला तर सकाळी आमच्या चहाच्या आत मशीन वाजवतो. खरे पॉझिटिव्ह बहुतेक ३६ तासांच्या आतच वाजतात. मग एक थेंब काचपट्टीवर, जंतू दिसावा म्हणून त्यावर ‘ग्रॅम’ नावाचा रंग, दहा मिनिटांचं काम. गुलाबी काड्या, म्हणजे क्लेब्सिएलासारखे जंतू, दिसल्या की आधी फोन वॉर्डला, नोंद मागाहून. जंतूचं नाव आणि कोणतं औषध चालेल हे कळायला त्यापुढे साधारण एक ते दोन दिवस.

हे सगळं बाटलीत पुरेसं रक्त असेल तर. निदान एक मिलिलिटर हवं. १९०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं, त्यातलं एक देता येतं. पण पेटीबाहेरून नातेवाईक ‘किती रक्त काढता हो’ म्हणून ओरडतात आणि सिस्टरचा हात आखडतो. कृपा करून ओरडू नका.

एक बाटली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तालुक्याच्या एका दवाखान्यातून आलेली, नाव नको. दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी रक्त काढलेलं, माझ्या हातात आली भाऊबीजेला सकाळी अकराला. थर्माकोलच्या डब्यात, दोन बर्फाच्या पिशव्यांच्या मधे, लस जपावी तशी जपलेली. बाटली गारठून बाहेरून ओली झालेली. कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते, बाहेरच ठेवून होईल तितक्या लवकर मशीनमध्ये घालायची असते. आत रक्त ०.३ असेल नसेल. लेबलवर वेळ नाही. फोन केला तर कळलं की पहिलं इंजेक्शन रक्त काढायच्या आधीच दिलेलं. मी बाटली मशीनमध्ये घातली, पाच दिवसांनी ‘नो ग्रोथ’ म्हणून सही केली. ती सही खोटी नव्हती, पण तिला अर्थही नव्हता. बाळाचं पुढे काय झालं माहीत नाही. आमच्याकडे फक्त बाटली येते.

तेव्हापासून कुणी ‘फास्ट टेस्ट आहे का’ विचारलं की मी आधी बाटली मशीनमध्ये किती वाजता गेली ते विचारते.

फास्ट टेस्ट आहेत, नाहीत असं नाही. माल्डी-टॉफ नावाचं यंत्र जंतूचं नाव काही मिनिटांत सांगतं, पण त्याला वाढलेला जंतू लागतो. पीसीआरचं पॅनल पॉझिटिव्ह बाटलीतल्या थेंबावर तासाभरात नाव सांगतं, शिवाय ज्यांच्यामुळे जंतू औषधाला दाद देत नाही अशी एनडीएमसारखी काही जनुकंही दाखवतं. म्हणजे दोन्ही धावतात ते मशीन वाजल्यानंतर. थेट रक्तावर पीसीआर करतात, पण तिथे मेलेल्या जंतूचा किंवा कातडीवरून आलेल्या जंतूचा डीएनएही सापडतो, आणि मूळ अडचण, थोडं रक्त आणि त्यात मोजके जंतू, ती राहतेच. एवढ्या एकाच कागदावर औषध थांबवायला कुणी धजत नाही. खर्च वेगळा.

मग इंजेक्शनं चालू का? कारण एवढ्याशा बाळात हा आजार काही तासांत पालटतो, रिपोर्टची वाट बघण्याइतकी सवड नसते. रक्त आधी काढायचं आणि लगेच औषध सुरू करायचं, हा क्रम बरोबर आहे. ३६ ते ४८ तासांत बाटली वाजली नाही आणि बाळ तरतरीत असेल, तर औषध थांबवायचा विचार होतो. माझ्या मते कल्चरचा अर्धा उपयोग औषध थांबवण्यासाठीच आहे. कारण औषध उगाच चालू ठेवलं की जंतू त्याला सरावतात, आणि आपल्याकडचे जंतू आधीच फार मुजोर झालेत. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापला. सर्वांत जास्त सापडला तो ॲसिनेटोबॅक्टर, त्याच्या मागोमाग क्लेब्सिएला. त्या ॲसिनेटोबॅक्टरपैकी दहातले आठ अनेक औषधांना न जुमानणारे होते. उद्या नुसतं ‘नो ग्रोथ’ बघून सुट्टीसाठी भांडू नका, आणि बाळ छान असताना ‘आणखी आठ दिवस द्याच’ असंही म्हणू नका.

हे पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडचं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी. सगळ्यात वेगवान तपासणी बाळाच्या आईकडेच असते. दूध सोडलं, हलवल्याशिवाय हालचाल नाही, छाती आत ओढली जातेय, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, ताप, किंवा अंग गार. गारठ्याकडे विशेष लक्ष द्या. इतक्या लहान बाळाला संसर्गात ताप येईलच असं नाही, उलट ते गार पडतं. आणि आपल्याकडे निफाडचा पारा उतरला की घरचे ‘थंडीच आहे’ म्हणून दुपटं वाढवत बसतात. तळपाय गार लागले तर छातीशी उघडं धरा. तरी ऊब येईना किंवा दूधही घेईना, तर १०८ ला फोन. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना ही लक्षणं ओळखायला आणि जेंटामायसिन हे जंतू मारणारं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल छापून आला, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. तिथे कल्चरचं मशीन नव्हतं. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात त्याचं मूळ या कामात आहे. त्यांना ओट्यावरूनच वाटेला लावू नका. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार आणि तपासण्या मोफत आहेत, तेही लक्षात असू द्या.

तुमच्याकडे वळते. उद्या राउंडला तीनच गोष्टी विचारा, आवाज न चढवता. रक्त पहिल्या इंजेक्शनच्या आधी काढलं का, किती काढलं, आणि बाटली मशीनमध्ये कधी गेली. तुमचे ‘चोवीस तास’ तिथून मोजायचे, दिंडोरीहून निघाल्यापासून नाही. पाठीतलं पाणी तपासायचं म्हणाले तर घाबरून नकार देऊ नका. रक्तातला जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेलाय का ते त्यातूनच कळतं आणि औषधाचे दिवस त्यावर ठरतात.

तुमच्या आईंना सांगा, पाचवीची पूजा घरी करून टाका, बाळाला आणायची घाई नको. सटवाई येऊन लिहून जाईल. कल्चरचा फायनल रिपोर्टही पाच दिवसांनीच येतो.

रिपोर्टवर सीआरपीच्या पुढे कुठलं युनिट छापलंय ते बघून इथे टाका.