स्टर्न-गेरलाख प्रयोगात चांदीच का वापरली?

प्रश्न: "आमचं घर हुपरीचं, घरात पैंजणांचं काम चालतं. मी कोल्हापुरात बी.एस्सी.ला आहे. पुस्तकात स्टर्न-गेरलाख प्रयोगात चांदीचे अणू वापरले, एवढंच एका ओळीत दिलंय. चांदीच का? आणि काचेवर दोन रेषा आल्या म्हणजे नेमकं काय सिद्ध झालं?"

उत्तर:

या प्रयोगात स्टर्न आणि गेरलाख या भौतिकशास्त्रज्ञांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून पाठवला आणि ते काचेवर कुठे साचतात ते पाहिलं. चांदी घेण्याचं पुस्तकातलं नेहमीचं कारण असं असतं: चांदीच्या अणूत ४७ इलेक्ट्रॉन, त्यातल्या ४६ जणांचं चुंबकत्व आपापसात फिटतं, उरतो एकटा ४७वा, आणि प्रयोगात त्याचा स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्वतःचा अंगभूत कोनीय संवेग (फिरण्याचं माप), दिसला. आज हे बरोबरच आहे. पण प्रयोग यशस्वी झाला फ्रँकफुर्टमध्ये, फेब्रुवारी १९२२ मध्ये. उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी स्पिनची कल्पना मांडली १९२५ मध्ये. म्हणजे हे कारण प्रयोग करताना कुणाच्या डोक्यात असणं शक्यच नव्हतं. चांदीची खरी सोय भट्टीशी होती, आणि ती वर्गातल्या इतरांपेक्षा तुम्हाला लवकर समजेल.

चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत असेल. ती आणखी थोडी तापवून १००० अंशांच्या पुढे नेली की मुशीतल्या रसावर तिची वाफ असते. तिचा दाब जेमतेम १ पास्कल, म्हणजे हवेच्या दाबाचा लाखावा भाग. आटणी करताना ही वाफ जाणवत नाही, कारण सुटलेला अणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकंही अंतर न कापता हवेच्या रेणूवर आदळतो. आजूबाजूची हवा काढून घेतली, तर तोच अणू सरळ रेषेत पार समोरच्या काचेपर्यंत जातो. चांदीत थोडं तांबं राहिलं असेल तरी फारसं बिघडत नाही, त्या तापमानाला तांब्याची वाफ चांदीच्या जवळपास शंभराव्या भागाइतकीच असते. शिवाय गार काचेवर पोहोचलेली चांदी तिथेच चिकटून बसते. ऑक्सिजन, नायट्रोजनसारखा वायू वापरला असता तर काचेवर काहीच उरलं नसतं.

आता मांडणी. बंद छोट्या भट्टीला एक बारीक भोक, त्यापुढे एकामागोमाग एक अशा दोन फटी, रुंदी सुमारे ०.०३ मिलिमीटर. केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. त्यातून अणूंची पातळ पट्टी निघते, वेग सेकंदाला साधारण ५५० मीटर. ही पट्टी ३.५ सेंटिमीटर लांबीच्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून जाते आणि चुंबक संपताच समोर काच असते. चुंबकाचा एक ध्रुव सुरीच्या धारेसारखा, दुसऱ्याला खाच. हा आकार तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, म्हणून नीट समजून घ्या. क्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर अणूच्या छोट्या चुंबकाचा उत्तर ध्रुव जितका एकीकडे ओढला जातो, तितकाच दक्षिण ध्रुव दुसरीकडे, त्यामुळे अणू सरकत नाही. धारेजवळ क्षेत्र जास्त आणि खाचेकडे कमी असलं, तरच दोन्ही ओढींत फरक राहतो आणि अणू एका बाजूला ढकलला जातो. इथे अणू अखंड, विद्युतभाररहित हवा. नुसते इलेक्ट्रॉन पाठवले तर भारामुळे चुंबकीय क्षेत्रात त्यांचा मार्ग इतका वाकतो की हा बारीक फरक त्यात बुडून जातो.

किती बारीक, ते वहीत करून पाहा. अणूचं चुंबकत्व एक बोर मॅग्नेटॉन (अणूंचं चुंबकत्व मोजायचं एकक) धरा, क्षेत्रातला बदल दर सेंटिमीटरला १० टेस्ला. गुणाकार करून आलेल्या बलाला चांदीच्या एका अणूच्या वस्तुमानाने भागलं की त्वरण येतं सुमारे ५२,००० मीटर प्रति सेकंद वर्ग. ऐकायला प्रचंड, पण चुंबकातला मुक्काम फक्त ६४ मायक्रोसेकंदांचा. अर्धं गुणिले त्वरण गुणिले काळाचा वर्ग, उत्तर ०.१ मिलिमीटर. एक गट वर, एक खाली, म्हणजे दोघांतलं अंतर ०.२ मिलिमीटर. यासाठी सगळी धडपड होती.

म्हणूनच बिघडायला जागा फार. फटी किंवा चुंबक ०.०१ मिलिमीटरने जरी हलले तरी दोन रेषा एकमेकींत मिसळायच्या. हवा काढणारे पंप काचेचे होते, ते वारंवार फुटायचे. निर्वात अवस्था काही तासच टिकायची, आणि तेवढ्यात काचेवर साचलेला चांदीचा थर डोळ्याला दिसतच नसे.

मग तो दिसला कसा? हा भाग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जिवाभावाचा वाटतो. स्टर्नने पुढे सांगितलेली आठवण अशी: गेरलाखने काच बाहेर काढली तेव्हा ती कोरी दिसत होती. स्टर्न ती जवळ धरून निरखत असताना हळूहळू काळी खूण उमटू लागली. त्याचा पगार तुटपुंजा, त्यामुळे तो स्वस्तातल्या सिगार ओढायचा, आणि त्यात गंधक भरपूर. त्या गंधकाने चांदी काळवंडली, म्हणजे तिचं सिल्व्हर सल्फाइड झालं. ऐंशीएक वर्षांनी फ्रिडरिश आणि हर्शबाख या शास्त्रज्ञांनी हे करून पाहिलं, तेव्हा नुसत्या उच्छ्वासाने काम झालं नाही, सिगारचा धूरच लागला. तुमच्याकडे काळवंडलेली चांदी पॉलिशला जाते. तिथे त्याच काळेपणाने अणूंची खूण दाखवली.

दुसरा प्रश्न: सिद्ध काय झालं? जुन्या भौतिकीप्रमाणे अणूंचे छोटे चुंबक वाटेल त्या कोनात तिरके असायला हवेत. काही पूर्ण वर ढकलले जातील, काही थोडे, बरेचसे जवळजवळ सरळच जातील. काचेवर मध्ये दाट आणि कडेला विरळ असा एकच फराटा यायला हवा. प्रत्यक्षात मधली जागा रिकामी राहिली. एखादा तिरपा, अधलामधला अणू नाहीच. चुंबकत्वाची दिशा मोजायला गेलं की दोनच उत्तरं मिळतात, याला तेव्हा 'दिशांचं क्वांटमीकरण' म्हणत. ८ फेब्रुवारी १९२२ रोजी गेरलाखने काचेचं छायाचित्र पोस्टकार्डावर लावून अणूचा क्वांटम सिद्धांत मांडणाऱ्या नील्स बोरला पाठवलं आणि त्याच्या सिद्धांताला पुष्टी मिळाल्याबद्दल अभिनंदन केलं.

ते छायाचित्र जरूर शोधून पाहा. पुस्तकात काढतात तसे दोन ठिपके त्यात नाहीत. ओठ किंचित विलग केल्यासारखी आकृती आहे, मध्ये फट आणि दोन्ही टोकांना जुळलेली. कारण अणूंची पट्टी पातळ असली तरी आडवी रुंद होती आणि क्षेत्रातला तीव्र बदल फक्त धारेसमोर, मधोमध होता. टोकांकडच्या अणूंना पुरेसा धक्काच बसला नाही.

गंमत अशी की बोरचं अभिनंदन योग्य कारणासाठी झालं नव्हतं. त्या वेळच्या समजुतीप्रमाणे हे चुंबकत्व इलेक्ट्रॉनच्या कक्षेतल्या फिरण्याचं होतं, कोनीय संवेग एक एकक. आज आपल्याला माहीत आहे की चांदीतल्या ४७व्या इलेक्ट्रॉनचा कक्षीय संवेग शून्य आहे आणि दिसला तो स्पिन, अर्धं एकक. पण स्पिनचं चुंबकत्व त्याच्या संवेगाच्या मानाने दुप्पट असतं. अर्ध्याची दुप्पट एकच, म्हणून आकडा जुळला आणि चूक झाकली गेली. १९२७ मध्ये फिप्स आणि टेलर यांनी हायड्रोजनचे अणू घेऊन हाच प्रयोग केला. तिथल्या एकुलत्या इलेक्ट्रॉनचाही कक्षीय संवेग शून्य, तरी दोनच रेषा आल्या. आइन्स्टाइन आणि एरनफेस्ट हे भौतिकशास्त्रज्ञ मात्र १९२२ मध्येच अडून बसले होते: वाटेत कुणाशी टक्कर नाही, मग एवढ्याशा वेळात सगळे अणू दोनच दिशांना वळतात कसे? माझ्या मते त्या वर्षातला सर्वांत नेमका प्रश्न हाच. अणू आधी एका दिशेत होता आणि मग वळला, हे चित्रच चुकीचं आहे, हे क्वांटम यामिकी पूर्ण उभी राहिल्यावर कळलं.

चांदीची वाफ घरी करायच्या भानगडीत अजिबात पडू नका. काळवंडण्याचा भाग मात्र सहज करता येतो. अंडं कडक उकडून गरम असतानाच कापा, झाकणाच्या डब्यात ठेवा, शेजारी चांदीची स्वच्छ पट्टी, अंड्याला न लागेल अशी. अर्ध्या पट्टीवर सेलोटेप घट्ट लावा. काही तासांत उघडा भाग आधी पिवळसर, मग तपकिरी, पुढे निळसर काळा होतो. हे रंग थराच्या जाडीप्रमाणे बदलतात, म्हणून दर अर्ध्या तासाला बघा. काळेपणा काढायला अॅल्युमिनियमच्या फॉइलवर पट्टी टेकवून वरून गरम पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घाला. गिऱ्हाइकाच्या डागिन्यावर हे करू नका, मुद्दाम काळं केलेलं नक्षीकाम असेल तर तेही निघून जाईल.