मॉनिटरिंग डीमन आणि एसईलिनक्स: आठवड्याचा लॉग एका दमात पॉलिसीत ओतू नका

तुमची पोस्ट वाचली आणि 2021च्या पावसाळ्यातला मीच आठवलो. स्वतः लिहिलेला मॉनिटरिंग डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम), ग्राहकाची अट की मशीनवर एसईलिनक्स, म्हणजे कुठल्या प्रोग्रॅमला काय करू द्यायचं हे पॉलिसीने ठरवणारी लिनक्सची सुरक्षा, एनफोर्सिंगच हवं, म्हणजे नियमाबाहेरचं खरंच अडवणारं, आणि डीमन सुरू केला की दर मिनिटाला नवा डिनायल, म्हणजे नकाराची नोंद. तुम्ही रॉकी लिनक्स 9वर आहात, मी तेव्हा सेंटओएस 7वर होतो, एवढाच फरक. शेवटी तुम्ही विचारलंय की डीमनचं डोमेन आठवडाभर परमिसिव्ह ठेवून (काही अडवायचं नाही, फक्त नोंद करायची) जमलेला सगळा लॉग ऑडिट-टू-अलाऊमधून, म्हणजे डिनायलवरून परवानगीचे नियम लिहून देणाऱ्या कमांडमधून, काढला आणि तयार झालेला पॉलिसीचा मॉड्यूल बसवून टाकला तर चालेल का. चालेल. डीमन अगदी सुरळीत चालेल. माझाही चालला होता, म्हणूनच हे एवढं लांब लिहायला बसलोय.

लेबल, डोमेन, टाइप हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. नव्यांसाठी एवढंच: प्रत्येक फाइलला आणि प्रोसेसला एक लेबल असतं, त्यातला मुख्य भाग म्हणजे टाइप, प्रोसेसच्या टाइपला डोमेन म्हणतात, आणि कुठल्या डोमेनला कुठल्या टाइपवर काय करता येईल ते पॉलिसीतले अलाऊ नियम सांगतात.

आमचं ऑफिस इंदूरला, विजयनगरात, सात-आठ जणांचं. डीमन रूट म्हणून चालायचा आणि लोड, मेमरी, डिस्क किती भरली, डिस्कचं तापमान, प्रोसेसची यादी असं सगळं गोळा करून पाठवायचा. डिनायल यायला लागले तेव्हा आधी सर्व्हर पुरवणाऱ्यांच्या सपोर्टला लिहिलं. तीन दिवस, पाच उत्तरं, आणि पाचही वेळा एकच सल्ला: सेट-एनफोर्स 0 करून, म्हणजे एनफोर्सिंगच बंद करून बघा. करारात एनफोर्सिंग लिहिलंय असं कळवलं, तर "आधी बंद करा, मग बघू." याचा मला आजही राग आहे. एसईलिनक्स 2003पासून मुख्य कर्नलमध्ये आहे, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 4मध्ये म्हणजे 2005पासून सोबत येतंय, आणि पैसे घेऊन सपोर्ट देणाऱ्यांनी अजून ऑडिट लॉगमधली एक ओळ मागून घेऊ नये? असो.

वैतागून मी तेच केलं जे तुम्ही करायला निघाला आहात. आठवडाभर परमिसिव्ह, शुक्रवारी संध्याकाळी सगळे डिनायल ऑडिट-टू-अलाऊला दिले, साठेक ओळींचा मॉड्यूल तयार झाला. वरवर नजर फिरवली, बसवला, एनफोर्सिंग केलं. एकही डिनायल नाही. ग्राहकाला मेल केली की डीमन आता पूर्ण बंदिस्त आहे. रात्री राजेंद्रनगरला घरी जाऊन निवांत जेवलो.

तीन महिन्यांनी ग्राहकाकडून तपासणीला एक गृहस्थ आले. त्यांनी पॉलिसीची टीई फाइल, म्हणजे नियमांचा मूळ मजकूर, मागितली, खाली वाचत गेले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आमच्या डीमनच्या डोमेनला फिक्स्ड_डिस्क_डिव्हाइस_टी या टाइपच्या ब्लॉक फाइलवर, म्हणजे थेट कच्च्या डिस्कवर, ओपन, रीड आणि आयओसीटीएल (डिस्कला थेट आज्ञा देणं) अशी परवानगी. "हे कशासाठी?" मी म्हटलं, तापमानासाठी, डिस्कची तब्येत विचारणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडला लागतं. ते काही बोलले नाहीत. आमच्या डीमनच्या प्लगिनच्या फोल्डरमध्ये त्यांनी पाच ओळींची स्क्रिप्ट ठेवली. ती थेट डिस्क सुरुवातीपासून वाचत गेली आणि काही मिनिटांत रूटच्या पासवर्डचा हॅश माझ्या स्क्रीनवर होता.

पासवर्डचे हॅश शॅडो फाइलमध्ये असतात, आणि आमच्या पॉलिसीत ती वाचायची परवानगी कुठेच नव्हती. तिच्या शॅडो_टी या टाइपवर एकही नियम नव्हता. पण लेबल असतं फाइलला. कच्ची डिस्क वाचताना फाइल नसतेच, नुसते बाइट असतात, त्यामुळे कर्नल त्या फाइलचं लेबल विचारायलाही जात नाही. म्हणजे बाकीच्या एकोणसाठ ओळींचा बंदोबस्त त्या एका ओळीने पाण्यात गेला होता. ग्राहकाने दोन महिने बिल अडवलं. त्याहून जास्त लागलं ते माझ्याच मेलमधलं "पूर्ण बंदिस्त" हे लेखी वाक्य.

ऑडिट-टू-अलाऊला दोष देऊ नका. काय नाकारलं गेलं ते वाचून ते उलटं लिहून देतं, बूलियन (पॉलिसीतला तयार चालू-बंद स्विच) असेल तर तेही सुचवतं. पण का नाकारलं गेलं, हे त्याला कळायला मार्ग नाही. कधी लेबल चुकलेलं असतं, कधी तयार बूलियन असतो, कधी प्रोग्रॅम नको ते करत असतो, आणि कधी खरंच गरज असते. नवा अलाऊ नियम फक्त शेवटच्या प्रकारात लिहायचा.

माझ्या लॉगमधलीच उदाहरणं देतो. डॅक_ओव्हरराइड, म्हणजे फाइलच्या साध्या परवानग्या ओलांडायची मुभा, मागितलं जात होतं, कारण लॉगच्या एका फोल्डरचा मालक दुसराच युजर होता आणि परवानगी त्याच्यापुरतीच. मालकी आणि ग्रुप नीट केला, मागणी संपली. कॉन्फिग फाइल मी घरच्या फोल्डरमधून एमव्हीने हलवली होती, एमव्ही जुनं लेबल सोबत घेऊन येतो, म्हणून ती यूजर_होम_टी राहिली होती. जागेप्रमाणे योग्य लेबल परत लावणारं रिस्टोअर-कॉन चालवलं, झालं. मी मात्र डीमनला सगळ्यांच्या घरच्या फाइली वाचायची मुभा देऊन बसलो होतो! सिस_पीट्रेस, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसच्या आत डोकावायची मुभा, मागितलं गेलं कारण आमची लायब्ररी प्रत्येक प्रोसेसचं एन्व्हायरनमेंट (तिला सुरू होताना दिलेली सेटिंग्ज) वाचत होती. मॉनिटरिंगला त्याचं काय काम? लोक तिथे डेटाबेसचे पासवर्ड ठेवतात. तो कोडच काढून टाकला. प्रोसेसच्या यादीसाठी डोमेन_रीड_ऑल_डोमेन्स_स्टेट हा पॉलिसीतला तयार इंटरफेस (नियमांचा संच) आहे, तो पुरतो.

आता डिस्कच्या तापमानाचं, कारण तुमच्याही लॉगमध्ये ती ओळ दिसतेय. माझं ठाम मत आहे की नेटवर्कवर बोलणाऱ्या डीमनला डिस्कला हात लावू देऊच नये. वेगळी छोटी सर्व्हिस करा, सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) टायमरवर दर पाच मिनिटांनी चालणारी, स्वतःच्या वेगळ्या डोमेनमध्ये. ती स्मार्टसीटीएल चालवेल, आलेला आकडा एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहील आणि संपेल. त्या फाइलला स्वतःचा टाइप द्या आणि डीमनला तेवढी फाइल फक्त वाचू द्या. ज्याच्या हातात डिस्क आहे त्याला नेटवर्क नाही, आणि ज्याला नेटवर्क आहे त्याच्या हातात डिस्क नाही. माझे दोन दिवस गेले, साठ ओळींच्या वीसच्या आत आल्या.

परमिसिव्ह ठेवण्याची तुमची कल्पना तेवढ्यापुरती बरोबर आहे. एनफोर्सिंगमध्ये प्रोग्रॅम पहिल्याच अडथळ्याशी थांबतो, पुढचे दिसतच नाहीत. पण अख्खं मशीन नको, सेमॅनेज परमिसिव्हने फक्त ते डोमेन करा.

याच्याशी लागून दोन गोष्टी, कारण यात पुष्कळ जण फसतात. सेपॉलिसी जनरेट या कमांडने नव्या पॉलिसीचा सांगाडा काढलात तर टीई फाइलमध्ये "परमिसिव्ह" अशी ओळ ते स्वतःच घालून देतं. ती राहून गेली तर मशीनची स्थिती सांगणारं गेट-एनफोर्स एनफोर्सिंगच दाखवेल आणि डीमन मात्र मोकाट असेल. डिनायलच्या ओळीच्या शेवटी परमिसिव्ह=1 आहे का, ते बघा. दुसरं, डीमनची बायनरी ऑप्ट फोल्डरमध्ये ठेवून तिला योग्य लेबल दिलं नाहीत, तर सिस्टिमडी ती अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी या जवळजवळ मोकळ्या डोमेनमध्ये चालवतं. काही त्रास नाही म्हणून आपण खूश, आणि पॉलिसी लागूच नसते. पीएस -ईझेड करून प्रोसेसचं डोमेन डोळ्यांनी पाहा. आणि डीमन अडतोय पण लॉगमध्ये काहीच नाही असं झालं, तर आधी साध्या परवानग्या तपासा, कारण तिथेच अडलं तर एसईलिनक्सपर्यंत गोष्ट जात नाही. मग सेमॉड्यूल -डीबी करून डोन्ट-ऑडिट नियम (काही नकारांची नोंदच होऊ न देणारे) थोडा वेळ बाजूला करा, काम झालं की सेमॉड्यूल -बीने परत लावा.

मी सुरक्षातज्ज्ञ नाही, लहान ऑफिसात सगळी कामं करणारा माणूस आहे. तुमच्या ग्राहकाचे नियम वेगळे असतील तर तेच पाळा. उबंटूवर एसईलिनक्सऐवजी ॲपआर्मर असतं, ते लेबलवर नाही तर फाइलच्या पाथवर चालतं, तिथे वरच्या कमांड लागू नाहीत. पण त्याच्या प्रोफाइलमध्ये (नियमांच्या फाइलमध्ये) कच्ची डिस्क वाचू दिलीत तर भोक हेच.

मॉड्यूल बसवण्याआधी आणि नंतरही सेसर्चने (पॉलिसीत नियम शोधणारी कमांड) एवढं विचारा: माझ्या डोमेनला फिक्स्ड_डिस्क_डिव्हाइस_टीच्या ब्लॉक फाइलवर रीड आहे का? उत्तर रिकामं यायला हवं. एखादी ओळ आलीच तर होस्टचं नाव खोडून इथे टाका, रात्री दहानंतर मी बघतो.