‘यौवनलोपी ग्रंथी’ तारुण्य घालवते का?

प्रश्न असा आला आहे: “‘यौवनलोपी ग्रंथी नसल्यामुळे या उंदरांत टी पेशी तयार होत नाहीत’ असं वाक्य वाचलं. ही ग्रंथी यौवनाचा लोप करते काय?”

नाही, पण शंका रास्त आहे. हा ‘थायमस’ या ग्रंथीच्या नावाचा मराठी पर्याय; टी पेशी म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. ‘सत्यवादी’, ‘मांसाहारी’ यांत पहिलं पद कर्म असतं. त्या चालीवर यौवनलोपी म्हणजे यौवनाच्या मुळावर उठलेलीच वाटते! इथे विग्रह ‘वनवासी’सारखा सप्तमीचा करायचा: यौवनात लोप पावणारी. छातीतली ही ग्रंथी लहानपणी मोठी असते, वयात आल्यावर आकसते आणि तिची जागा चरबी घेत जाते. पुरता लोप होत नाही, म्हणजे नावात थोडी अतिशयोक्ती आहेच.

या उंदरांच्या बाबतीत मात्र हे नाव दिशाभूल करतं. वाचणाऱ्याला वाटतं, ग्रंथी होती आणि पुढे लोपली. वर्णनावरून हे ‘न्यूड’ उंदीर असावेत. १९६२ साली ग्लासगोच्या रुकिल हॉस्पिटलमध्ये असे केसविरहित उंदीर आढळले. त्यांच्यात थायमसच नाही हे १९६८ मध्ये संशोधक पँटेलोरिस यांनी दाखवलं. फॉक्सएन१ या एकाच जनुकातल्या बिघाडामुळे अंगावर केसही नाहीत आणि थायमसची चौकटही घडत नाही. अस्थिमज्जेतून येणाऱ्या पूर्वपेशी धडधाकट असतात, त्यांना टी पेशी व्हायला जागाच मिळत नाही. बाहेरून निरोगी थायमसचं रोपण केलं, तर त्या तयार होऊ लागतात. परकं ऊतक नाकारायला टी पेशी लागतात. त्या नसल्यामुळे १९६९ मध्ये माणसाच्या आतड्याचा कर्करोग या उंदरांत रुजवून वाढवता आला. म्हणून मी तरी ‘जन्मतः थायमस नसलेले उंदीर’ असंच लिहीन.

हेच वर्णन ‘स्किड’ उंदरांना लावू नये. १९८३ मध्ये फिलाडेल्फियात नोंदवलेल्या या उंदरांत दोष पेशींतच असतो: प्रतिजन (शरीराला परका वाटणारा पदार्थ) ओळखणाऱ्या, पेशीवरच्या ग्राही रेणूच्या जनुकाचे तुकडे त्यांना नीट सांधता येत नाहीत. त्यामुळे टी आणि बी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) दोन्ही पेशी जवळजवळ नसतात. थायमस खुरटलेला असतो, पण असतो.

जाता जाता: ‘टी’ थायमसचा हे खरं, पण ‘बी’ हा बोन मॅरोचा (अस्थिमज्जेचा) नव्हे. तो पक्ष्यांमधल्या ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’ या अवयवावरून आला.