हॉलला सेज ग्रीन द्यावा की पिस्ता?

ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट, हॉलची खिडकी उत्तरेला, आणि रंगाच्या शेडकार्डवर दोन्ही हिरवे जवळपास सारखेच दिसतायत, असं तुम्ही लिहिलंय. मी पिस्ताच घेईन. सेजमध्ये हिरव्यात राखाडी असतो, पिस्त्यात पिवळा. उत्तरेचा उजेड जरा निळसर, त्यात सेज मळकट वाटतो. पावसाळ्यात जवळच्या येऊरच्या डोंगरावर ढग उतरले की तर फारच. पिस्त्यातला पिवळा तिथे घराला ऊब देतो. पश्चिमेच्या बेडरूमला मात्र सेज द्या, संध्याकाळच्या उन्हात तो फार सुंदर दिसतो.

दिवेही बघा. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) पांढऱ्या एलईडीखाली सेज थंड पडतो, ३००० च्या पिवळसर दिव्याखाली पिस्ता आणखी पिवळा होतो.

शेडकार्डच्या बोटभर चौकोनावरून कृपा करून ठरवू नका! दोन्हींचे छोटे सॅम्पल डबे आणा, दोन-दोन फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या. मग ते पुठ्ठे खिडकीसमोरच्या आणि खिडकीशेजारच्या भिंतीला, सोफ्याजवळ, टेकवून सकाळी, चार वाजता आणि रात्री दिवे लावून बघा. ओला रंग बघून निवडू नका, वाळल्यावर छटा बदलते.