पेट्रोल चोरणारा मुलगा आणि नोटीस बोर्ड

प्रश्न : आमच्या सोसायटीत पार्किंगमधल्या गाड्यांतून पेट्रोल काढताना इथलाच १५ वर्षांचा मुलगा सापडला. जरब बसावी म्हणून त्याचा फोटो नोटीस बोर्डावर आणि ग्रुपवर टाकावा, असं कमिटीतले काही जण म्हणतात. समाजशास्त्र काय सांगतं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : फोटो लावू नका. शिक्षेचं खरं काम गुन्हेगाराला सुधारणं नसून बाकीच्यांची एकजूट टिकवणं हे आहे, असं फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १८९३ मध्येच मांडलं होतं. फोटो लावल्यावर सभासदांना समाधान वाटेल ते त्यामुळेच. मुलाचं मात्र नुकसान होईल. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन लेमर्टने १९५१ मध्ये प्राथमिक आणि दुय्यम विचलन, म्हणजे सुरुवातीचा नियमभंग आणि शिक्का बसल्यानंतरचा नियमभंग, असा फरक केला. पहिली चूक अनेकांच्या हातून होते आणि विरूनही जाते. पण ‘चोर’ हा शिक्का बसला की घरोघरी मुलांना त्याच्याशी बोलायची बंदी होते, काही हरवलं की संशय त्याच्यावरच, आणि शेवटी त्याला जवळ करतात ती तसाच शिक्का बसलेली मुलं. तिथून तो ती ओळख अंगी लावून घेतो.

प्रकरण पोलिसांत गेलं, तर मुलाची ओळख उघड करणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मग करायचं काय? ऑस्ट्रेलियन गुन्हेशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेटची १९८९ ची मांडणी इथे उपयोगी आहे : कृत्याला दोष द्या, माणसाला तोडू नका. बंद खोलीत सहा-सात जणच बसा. मुलगा, आईवडील, ज्यांचं पेट्रोल गेलं ते, आणि तो ज्यांचं ऐकतो असे एखादे काका किंवा मावशी. आधी गाडीवाल्यांनी काय त्रास झाला ते सांगावं, मग मुलाने बोलावं. अध्यक्षांचं भाषण नको. भरपाईची रक्कम आणि तारीख लिहून काढा. वडिलांनी तिथेच पाकीट काढलं की सगळं फसतं, कारण मुलाच्या वाट्याला काहीच उरत नाही. त्याने रविवारी गाड्या धुऊन फेडावी. फेड झाली की ‘विषय संपला’ हे गाडीवाल्यांनीच त्याला तोंडावर सांगावं, आणि पुढच्या मीटिंगमध्ये तो पुन्हा काढू नये.

‘त्याला ढोल-ताशा पथकात घाला, गुंतून राहील’ असंही कुणी सुचवेल. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हिर्शीने १९६९ मध्ये माणसाला गुन्ह्यापासून रोखणारे चार बंध सांगितले : जिव्हाळा, भवितव्याची गुंतवणूक, कामात गुंतणं, नियमांवरचा विश्वास. त्याच्या पाहणीत नुसतं गुंतून राहणं हा त्यातला कच्चा धागा ठरला, आईवडिलांचा जिव्हाळा पक्का. पथकात जरूर घाला, पण तिथे त्याची विचारपूस करणारा एखादा दादा आहे का, ते आधी पाहा.