कंपनीत पॉवर बीआय येतंय. स्टोअरवाल्याचा त्याच्याशी काय संबंध?

सातपूरच्या तुमच्या कंपनीत पॉवर बीआय (कंपनीचे आकडे ग्राफ-तक्त्यांत दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) येतंय, ट्रेनिंगच्या यादीत स्टोअरमधल्यांचीही नावं आहेत, आणि तुम्ही विचारताय की हे तर साहेब लोकांचं काम, आपण तिथं बसून काय करायचं? मी अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एमआयएस, म्हणजे आकड्यांच्या रिपोर्टचं काम, बघतो. रिपोर्ट मीच बनवतो, त्यामुळे कोण काय उघडतं आणि कोण महिना महिना उघडतच नाही, हे मला दिसतं. (हो, त्याचाही रिपोर्ट असतो. साहेबांना हे सांगत बसू नका.)

सगळ्यांनी एकच डॅशबोर्ड (आकडे आणि ग्राफ एकत्र दाखवणारा स्क्रीन) बघायचा असतो, हा पहिला गैरसमज. आमचे मालक सकाळी मोबाइलवर फक्त काल किती माल गेला आणि बाजारातून किती येणं आहे ते बघतात. फिल्टर वगैरे लावायच्या भानगडीत ते पडत नाहीत. आकडा खटकला की सरळ फोन. प्लँट हेड ओईई बघतात, म्हणजे मशीनची उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार. समजा हे 90, 95 आणि 99 टक्के आहेत. सुटे सुटे छान दिसतात, पण गुणाकार 85 च्याही खाली येतो. मग कुठली मशीन, कुठली शिफ्ट, हे त्यांना खोदायचं असतं. सुपरवायझरला यातलं काही नको, लाइनवरच्या टीव्हीवर तासाचं टार्गेट आणि झालेले नग दिसले की बास. क्वालिटीवाले रिजेक्शनची कारणं बघतात, एचआर हजेरी.

आता तुमचा संबंध. अकाउंट्सचं उदाहरण घ्या. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्याचं कलम 43बी(एच) लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरत नाहीत, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरतात. लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. आपल्या एमआयडीसीतले जॉबवर्कवाले बरेचसे याच गटातले, म्हणून मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले थकीत बिलांच्या पानावरून हलत नाहीत. पण दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून, आणि ती तारीख रिपोर्टमध्ये येते तुमच्या जीआरएनमधून, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीतून! गाडी सोमवारी खाली झाली आणि एंट्री गुरुवारी पडली, तर अकाउंट्सचा हिशेब तीन दिवस चुकला. परचेसच्या रेटिंगमध्ये बिचारा सप्लायर उशिरा माल देणारा ठरला. प्लॅनिंगला माल दारात असूनही शॉर्टेज दिसलं. चूक कुणालाच दिसत नाही, कारण ग्राफ तर रंगीत आणि नीटनेटका असतो. माझ्याकडे ‘रिपोर्ट चुकतोय’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच अशा एंट्रीपाशीच जाऊन थांबतात.

तुम्हाला स्वतःला काय बघायला मिळेल? ट्रेनिंगमध्ये तीन पानं मागून घ्या: गेटवर आवक झाली पण जीआरएन बाकी आहे असा माल, सहा महिन्यांत एकदाही इश्यू न झालेले आयटम, आणि मिनिमम लेव्हलच्या खाली गेलेले आयटम. दुसरं पान विशेष कामाचं. रॅकवर पडून राहिलेल्या मालाबद्दल दरवेळी बोलणी स्टोअरला बसतात. कुणाच्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) तो मागवला होता, हे त्याच पानावर घ्यायला सांगा.

मात्र इश्यू करताना डॅशबोर्डवरचा स्टॉक धरू नका, ईआरपीचाच, म्हणजे तुम्ही एंट्री करता त्या मूळ सॉफ्टवेअरचाच, धरा. पॉवर बीआयच्या प्रो लायसन्सवर इम्पोर्ट केलेला डेटा ठरलेल्या वेळांना, दिवसातून जास्तीत जास्त आठ वेळा रिफ्रेश होतो. अकरा वाजता तुम्ही बघताय तो आकडा सकाळी आठचा असू शकतो.

डॅक्स (पॉवर बीआयमधली सूत्रांची भाषा) वगैरे तुम्हाला शिकायची गरज नाही. हौस असेल तर पॉवर बीआय डेस्कटॉप विंडोजवर फुकट मिळतं. तुमच्याच स्टॉकची एक्सेल फाइल त्यातल्या पॉवर क्वेरीत (डेटा साफ करायच्या भागात) उघडा आणि एकच आयटम किती वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिलाय ते बघा. ट्रेनिंगच्या आधी ती यादी साफ करून ठेवलीत, तर तुमच्या एमआयएसवाल्याचे निम्मे कष्ट वाचतील.