तलवारीच्या जागी बंदूक, एवढाच फरक? फँटसी आणि साय-फाय आरपीजीबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्कायरिम आणि विचर ३ हे फँटसी आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचे गेम) मनसोक्त खेळून झाले, आता मित्र साय-फाय आरपीजी घे म्हणून मागे लागलेत. पण ट्रेलर पाहून तुम्हाला वाटतं, तलवारीच्या जागी बंदूक आली, जादूच्या जागी चिप आली, बाकी सगळं तेच. मग पैसे आणि एवढं मोठं डाउनलोड कशाला वाया घालवायचं?

निम्मं बरोबर आहे तुमचं. लेव्हल, एक्सपी (अनुभवाचे गुण), स्किल ट्री (कौशल्यं निवडायचा तक्ता), साथीदार, लूट हा सांगाडा दोन्हीकडे एकच. दोघांचा आजाच एक आहे ना: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये काढलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावरचा खेळ. तो कॉम्प्युटरवर उतरला तेव्हाही सुरुवातीला कुणी सोवळं पाळलं नाही. १९८१ च्या पहिल्या अल्टिमामध्ये तुम्ही तलवार घेऊन निघता आणि पुढे चक्क अवकाशयानात बसून शत्रूची यानं पाडता. १९८७ च्या पहिल्या फायनल फँटसीत आकाशात तरंगणारा किल्ला आहे आणि त्यात रोबो फिरतात. फँटसीचं दुकान वेगळं आणि साय-फायचं वेगळं, ही वाटणी बरीच नंतरची.

उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ते तपासायचं तर एकाच स्टुडिओनं दोन्हीकडे केलेले गेम शेजारी ठेवून पाहावेत. हात तोच असला की चव कशामुळे बदलली ते कळतं. सुदैवानं अशा जोड्या आहेत: बेथेस्डाचे स्कायरिम (२०११) आणि स्टारफील्ड (२०२३), बायोवेअरचे ड्रॅगन एज आणि मास इफेक्ट, सीडी प्रोजेक्ट रेडचे विचर ३ (२०१५) आणि सायबरपंक २०७७ (२०२०).

या जोड्या पाहिल्या की मला तरी हत्यारांचा फरक किरकोळ वाटतो. खरा फरक अंतराचा आहे. फँटसीचं जग पायी चालण्याच्या मापाचं असतं, साय-फायचं जग यानाच्या मापाचं. बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यातूनच येतात.

स्कायरिमची सुरुवात आठवा. हेल्गन गावातून जीव वाचवून हॅडव्हर नावाच्या सैनिकाबरोबर खाली उतरत असता, आणि तो समोरच्या डोंगरावरच्या पडक्या कमानी दाखवून म्हणतो, लहानपणी या ब्लीक फॉल्स बॅरोची मला स्वप्नात भीती वाटायची. अजून क्वेस्ट (गेमनं दिलेली कामगिरी) मिळालेली नाही, मॅपवर बाण नाही, पण ती जागा तुमच्या डोक्यात बसली. तिथे जायचं तर चालतच जायचं, आणि चालताना वाटेत कायकाय भेटतं! एक खाण लागते, तिच्यात डाकू दबा धरून बसलेले. रिव्हरवूड गावाच्या आसपास एका झोपडीत ॲनिस नावाची म्हातारी एकटी राहते, गोड बोलते. तिच्या तळघराचं झाकण उचलून आत उतरलात की ती कोण आहे ते कळतं, आणि मग गोड बोलणं संपतं. ही म्हातारी कुठल्याही मोठ्या कथेचा भाग नाही. तुम्ही पायी जात होतात म्हणून ती भेटली, एवढंच.

आता स्टारफील्ड. त्याच लोकांनी केलेला, इंजिनचं घराणंही तेच, आणि ग्रह हजाराहून जास्त. पण एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे मॅप उघडा, तारा निवडा, बटण दाबा, उडीचा ॲनिमेशन पाहा, उतरायची जागा निवडा, पुन्हा थांबा. मधल्या वाटेत काहीच नाही, कारण मधली वाटच नाही. अवकाश खरोखर तसंच रिकामं असतं म्हणा, त्या अर्थानं गेम प्रामाणिक आहे. पण रस्त्यात अचानक काहीतरी दिसलं म्हणून वाकडी वाट करायची सोय गेली, आणि या स्टुडिओची सगळी जादू त्या वाकड्या वाटेतच होती. ग्रहांवरच्या जागा कॉम्प्युटर पसरून ठेवतो, त्यामुळे एका ग्रहावर पाहिलेली पडीक लॅब दुसऱ्या ग्रहावर जशीच्या तशी पुन्हा येते, आतल्या सामानासकट. ओसाड जमिनीवर चालून लोक इतके वैतागले की ऑगस्ट २०२४ मध्ये अपडेटमधून गाडी द्यावी लागली.

लगेच स्टारफील्डला मोडीत काढू नका. स्वतःचं यान तुकडा तुकडा जोडून बांधण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्यात. आणि ‘एन्टँगल्ड’ नावाची एक क्वेस्ट आहे, ज्यात एकाच संशोधन केंद्राच्या दोन वास्तवांमध्ये तुम्ही मागेपुढे उड्या मारता. एकीकडे स्फोट होऊन सगळं उद्ध्वस्त झालंय, दुसरीकडे माणसं धडधाकट कामावर आहेत. इकडे बंद असलेला दरवाजा तिकडून पार करायचा. असं काही फँटसीत करायला गेलं तर ‘जादू आहे’ म्हणून आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. इथे ती चूक नेमकी कुठल्या प्रयोगात झाली हे कळल्यामुळे शेवटी कुणाला वाचवायचं हा प्रश्न जास्त टोचतो.

अंतराचा हा पेच बायोवेअरनं २००७ च्या मास इफेक्टमध्ये वेगळ्या तऱ्हेनं सोडवला होता. (त्यातली माको गाडी आणि तिचे ओसाड ग्रह मी धरत नाही, आणि पुढच्या भागात त्यांनी स्वतःच ती काढून टाकली.) त्यांनी मधल्या रिकाम्या जागेत माणसं भरली. सिटाडेल स्थानकावरची लिफ्ट इतकी संथ चालते की लोक आजही त्यावर विनोद करतात. मुळात ते लपवलेलं लोडिंग. पण त्या वेळात तुमचे दोन साथीदार एकमेकांना टोमणे मारतात, बातम्या ऐकू येतात, आणि आपण मघाशी केलेल्या कामाची बातमी झालेली असते. प्रत्येक मोहिमेनंतर नॉर्मंडी जहाजावर परतायचं आणि एकेकाच्या खोलीत डोकावून गप्पा मारायच्या, हा खरा गेम. मास इफेक्ट २ मध्ये (२०१०) तर शेवटच्या मोहिमेत कोण जगणार हे त्या गप्पांवर आणि जहाजाच्या डागडुजीवर ठरतं. जहाजाचं चिलखत वाढवायचं राहिलं तर जॅक ही साथीदार वाटेतच मरते, तुमचा नेम कितीही चांगला असो.

सायबरपंकनं तिसरा मार्ग काढला: अवकाश वगैरे सोडूनच दिलं आणि एकच शहर घेतलं. नाइट सिटीत पायी फिरलात तर ॲनिस म्हातारी भेटते तसं काहीबाही भेटत राहतं. फॉलआउट या मालिकेचा मार्ग सगळ्यात मजेशीर. अणुयुद्धात गाड्या, विमानं, रस्ते सगळं मोडून टाकलं की माणूस पुन्हा पायावर आलाच. म्हणून फॉलआउट साय-फाय असूनही पायांना फँटसीसारखा लागतो. फँटसीतून येणाऱ्याला तिथे परकं वाटत नाही त्याचं कारण हेच असावं.

आता जादू विरुद्ध तंत्रज्ञान. इथे तुम्ही म्हणता तशी नुसती अदलाबदल असती तर मीही कंटाळलो असतो. एकच काम घेऊ: माणूस मेलाय, काय घडलं ते शोधायचंय. बाल्डर्स गेट ३ मध्ये (२०२३) तुम्ही मंत्र टाकून प्रेताशी बोलता. प्रेताला पाचच प्रश्न विचारता येतात. ते तुटक उत्तरं देतं, आणि त्याला ठार करणारे तुम्हीच असाल तर तोंडच उघडत नाही. मग काय करायचं? वेष पालटायचा मंत्र टाकायचा, दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा घ्यायचा आणि पुन्हा विचारायचं. प्रेत फसतं! हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो होतो. सायबरपंकमध्ये त्याच कामाला ब्रेनडान्स आहे, म्हणजे एखाद्याच्या डोळ्या-कानांनी रेकॉर्ड झालेला अनुभव. तो तुम्ही मागेपुढे फिरवता, कॅमेरा त्या माणसाबाहेर काढून खोलीभर हिंडवता, चित्र, आवाज आणि उष्णता असे तीन थर वेगवेगळे तपासता. योरिनोबू अरासाकाच्या पेंटहाउसमधली चोरायची वस्तू सापडते ती उष्णतेच्या थरात, कारण ती थंड ठेवावी लागते आणि लपवलेली जागा भोवतालापेक्षा गार दिसते.

एकीकडे मेलेल्याशी त्याच्या नियमांत राहून सौदा करायचा, दुसरीकडे पुरावा चाळायचा. डोकं दोन्हीकडे लागतं, पण वेगळं. आणि तुम्ही विचर खेळलाय म्हणून सांगतो, तो मला अर्धा साय-फायच वाटतो. व्हाइट ऑर्चर्डमधल्या विहिरीवरची ती दुपारची हडळ आठवा. आपला नायक गेराल्ट काय करतो? खुणा शोधतो, विहिरीतून तिचं कडं काढतो, पुस्तकात तिचा प्रकार पाहतो, तलवारीला ठरावीक तेल लावतो, आणि यर्डेन या मंत्राच्या रिंगणात ओढून मग तिला मारतो. औषधं जास्त घेतली तर विषारीपणाचा काटा चढतो. हा मांत्रिक कमी आणि प्रयोगशाळेतला माणूस जास्त.

आणखी एक गोष्ट, आणि मला ती सगळ्यात जास्त धरून ठेवते: तुम्ही कोण म्हणून जन्माला आलात याला गेम किती किंमत देतो. फँटसी इथे निष्ठुर असते. ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये (२००९) सहा वेगवेगळ्या सुरुवाती आहेत. त्यातली जातीबाहेरच्या बुटक्याची निवडा. ओर्झमार हे जमिनीखालचं शहर जातींवर चालतं, आणि तुमचं घराणं कुठल्याच जातीत नाही, म्हणून चेहऱ्यावर डाग गोंदलेला. नियम असा की मुलगा बापाच्या जातीत जातो, मुलगी आईच्या. त्यामुळे तुमच्या बहिणीला नटूनथटून एखाद्या सरदाराच्या मागे लावलेलं असतं. मुलगा झाला तर तो सरदाराच्या जातीचा, आणि त्याच्याबरोबर घरही वर जाईल. कॅनडातल्या स्टुडिओनं लिहिलेली ही गोष्ट परदेशी खेळाडूंना कल्पनेचा खेळ वाटत असेल. आपल्याला त्यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. पुढे कित्येक तासांनी जगाचा तारणहार होऊन त्याच शहरात परतलात तरी लोकांची नजर आधी गालावरच्या डागावर जाते.

सायबरपंकमध्येही सुरुवातीला नोमॅड (भटका), स्ट्रीटकिड (रस्त्यावर वाढलेला), कॉर्पो (बड्या कंपनीतला) असं निवडता येतं, पण पहिला अर्धा तास आणि काही संवाद सोडले तर त्यानं फार बिघडत नाही. तिथे जन्म पुसता येतो. पैसे घेऊन रिपरडॉककडे (शरीरात यंत्रं बसवणाऱ्या डॉक्टरकडे) जा, हात बदला, डोळे बदला. प्रश्न उरतो तो एवढाच, की हे सगळं बदलल्यावर आत उरलंय कोण. मास इफेक्टमध्ये जन्माचा प्रश्न आणखी वेगळ्या वाटेनं येतो. क्रोगन जमातीची मुलं जगू नयेत असा जीनोफेज नावाचा रोग सॅलेरियन जमातीच्या शास्त्रज्ञांनी बनवला आणि ट्युरियन लोकांनी वापरला. फँटसीत असा शाप कुणी दिला हे केव्हाच पुराणात गेलेलं असतं. इथे त्या रोगाची सुधारित आवृत्ती काढणारा शास्त्रज्ञ मॉर्डिन तुमच्याच जहाजावर गाणं म्हणत प्रयोग करतोय. त्याला अडवून विचारता येतं, आणि तो आकडेवारीसकट बाजू मांडतो. त्याचं म्हणणं खोडून काढायला मला अजून नीट जमलेलं नाही.

सायबरपंकच्या सुरुवातीच्या रडकथा तुम्ही ऐकल्या असतील. डिसेंबर २०२० मध्ये तो इतक्या बगांसकट आला की सोनीनं आपल्या स्टोअरवरून काढून टाकला होता. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर तो वेगळाच गेम आहे. पण त्याला एसएसडी आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड हवंच, जुन्या लॅपटॉपवर हट्ट करू नका.

तुमच्यासाठी माझा क्रम असा. आधी फॉलआउट: न्यू वेगास (२०१०). सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळतो, साध्या मशीनवर चालतो आणि पायी भटकायची तुमची सवय तिथे कामाला येईल. ते आवडलं तर मास इफेक्ट लेजंडरी एडिशन घ्या, त्यात तिन्ही भाग एकत्र आहेत. पहिल्या भागाची लढाई जुनाट वाटेल, पण तो वगळून दुसऱ्यावर उडी मारू नका, माणसांची ओळख तिथेच होते. सायबरपंक त्यानंतर. स्टारफील्ड मात्र अवकाशयानं बांधायची हौस असेल तरच. एल्फ आणि हॅकर एकाच टेबलावर हवे असतील तर शॅडोरन: ड्रॅगनफॉल (२०१४) बर्लिनमध्ये घडतो, वाचायची तयारी मात्र ठेवा.

न्यू वेगास सुरू केल्यावर एक लक्षात ठेवा. गुडस्प्रिंग्जमधून निघताना वेगासचा टॉवर उत्तरेला दूरवर दिसतो आणि सरळ जाणारा रस्ता जवळचा वाटतो. त्या रस्त्यावर डेथक्लॉ नावाची राक्षसी जनावरं बसलीत, आणि सुरुवातीच्या पिस्तुलानं त्यांना गुदगुल्यासुद्धा होत नाहीत. प्रिम, निप्टन, नोव्हाक असा दक्षिणेकडून वळसा घ्या. तरी मोह आवरला नाही तर निघण्याआधी सेव्ह करा.